हप्ते फिटले, तरी आरसीवर ‘हायपोथिकेटेड’ का? एका अवघड इंग्रजी क्रियापदाचा सोपा अर्थ

घाटनांदूर (ता. अंबाजोगाई) : कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरचे, टेम्पोचे किंवा मोटारसायकलचे आरसी कार्ड हातात घेऊन पाहा. मालकाचे नाव, चेसिस क्रमांक, ‘एमएच ४४’ने सुरू होणारा अंबाजोगाई कार्यालयाचा नोंदणी क्रमांक आणि त्यासोबत एक इंग्रजी ओळ दिसते : ‘हायपोथिकेटेड टू’. पुढे बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव. उसाच्या हंगामासाठी ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणाऱ्या या भागात ही ओळ घरोघरी आहे. बोलताना मात्र तो शब्द कुणी उच्चारत नाही. ‘गाडीवर एचपी आहे’ एवढेच म्हटले जाते.

अडचण येते ती हप्ते संपल्यावर. शेवटचा हप्ता भरला, बँकेच्या खात्यावर शिल्लक शून्य दिसली, म्हणजे विषय संपला असे समजले जाते. तीन-चार वर्षांनी गाडी विकायला काढली की आरटीओत कळते, ‘एचपी अजून तशीच आहे.’ मग बँकेत खेटे सुरू होतात. हा त्रास ज्या शब्दामुळे होतो, त्याचा नेमका अर्थ काय? तो कधी वापरतात? आणि तो आरसीवरून घालवायचा कसा?

‘हायपोथिकेट’ म्हणजे काय?

‘हायपोथिकेट’ हे इंग्रजीतील क्रियापद आहे. उच्चार हाय-पॉ-थि-केट. अर्थ असा : एखादी वस्तू कर्जासाठी तारण म्हणून देणे, पण तिचा ताबा मात्र स्वतःकडेच ठेवणे. वस्तू तुमची, वापर तुमचा. तिच्यावर हक्काची खूण सावकाराची.

मराठीत यासाठी बँकांच्या कागदपत्रांत एक नेमका शब्द आहे : नजरगहाण. वस्तू सावकाराच्या घरात जात नाही. तिच्यावर त्याची नजर तेवढी राहते. हिंदीत याच अर्थाने ‘दृष्टिबंधक’ म्हणतात. कल्पना तीच. इंग्रजी शब्द तोंडात बसत नाही म्हणून आपण ‘एचपी’वर भागवतो, पण ‘नजरगहाण’ म्हटले की अर्थ लगेच कळतो.

मग गहाण, तारण आणि नजरगहाण यांत फरक काय?

हा फरक शेतातल्याच उदाहरणाने सहज समजतो.

जमीन बँकेला लिहून दिली, तर ते गहाण. हा व्यवहार स्थावर मालमत्तेचा. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८ मध्ये आहे. त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ रकान्यात बोजा म्हणून येते.

काढलेले सोयाबीन बाजार समितीच्या गोदामात ठेवून उचल घेतली, तर ते तारण. बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण कर्ज योजना हीच. सोयाबीन, तुरीसारख्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, पण पोती गोदामात अडकतात. सोनेतारणातही दागिने बँकेच्या तिजोरीत जातात. यात ताबा कर्ज देणाऱ्याकडे असतो. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७२ याविषयी आहे.

आणि तेच सोयाबीन शेतात उभे असताना त्यावर पीककर्ज घेतले, तर ते नजरगहाण. पीक तुमच्या शेतात, खुरपणी-फवारणी तुमची, पण बँकेच्या कागदावर ते ‘हायपोथिकेटेड’. किसान क्रेडिट कार्डाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँक दुसरे तारण मागत नाही. पिकाचे नजरगहाण पुरते. तारणाशिवायच्या शेतीकर्जाची ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२५ पासून १ लाख ६० हजारांवरून २ लाख रुपये केली आहे.

म्हणजे एकाच शेतकऱ्याची जमीन गहाण, गोदामातले सोयाबीन तारण आणि उभे सोयाबीन नजरगहाण असू शकते. इंग्रजीत या तिन्हींसाठी तीन वेगळी क्रियापदे आहेत : मॉर्गेज, प्लेज आणि हायपोथिकेट. बोलताना आपण तिन्हींना ‘गहाण’च म्हणतो आणि घोळ तिथेच होतो.

अजून न पेरलेले पीकही नजरगहाण होते?

होय. २००२ च्या सरफेसी कायद्यात नजरगहाणाची व्याख्या दिली आहे. जंगम मालमत्तेचा ताबा न देता, कर्ज देणाऱ्याच्या लाभासाठी तिच्यावर निर्माण केलेला भार, असा तिचा सारांश. त्यात मालमत्ता ‘आज असलेली किंवा पुढे होणारी’ असे म्हटले आहे. म्हणूनच मे-जूनमध्ये पीककर्जाच्या कागदावर सही करताना शेतात काहीही उगवलेले नसले, तरी येणारे पीक नजरगहाण होते. दुकानदाराच्या बाबतीत हेच दुकानातल्या मालाला लागू पडते. माल रोज विकला जातो, रोज नवा येतो. नजरगहाण मात्र त्या साऱ्या मालावर चालू राहते.

जमिनीला इथे एक वेगळे संरक्षण आहे. याच सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवरील तारणाला हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे या कायद्याखाली घराला किंवा गाळ्याला जशी जप्तीची नोटीस येते, तशी ती शेतजमिनीसाठी येऊ शकत नाही. बँकेला वसुलीचे दुसरे कायदेशीर मार्ग मात्र खुले असतात.

हा शब्द आला कुठून?

मूळ ग्रीक आहे. ‘हायपो’ म्हणजे खाली आणि ‘टिथेनाय’ म्हणजे ठेवणे. जे कर्जाच्या खाली आधार म्हणून ठेवले, ते ‘हायपोथेके’. ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि तिथून सतराव्या शतकात इंग्रजीत हे क्रियापद आले. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि रशियन भाषांत याच मुळापासूनचे शब्द आजही गृहकर्जासाठी रोज वापरले जातात. इंग्रजीत मात्र तो बँका आणि वकिलांपुरता उरला.

इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील अथेन्सच्या परिसरात शेताच्या कडेला कोरीव दगड रोवलेले सापडले आहेत. ही जमीन अमुक कर्जापोटी गुंतलेली आहे, असे त्यावर लिहिलेले असे. येणाऱ्या-जाणाऱ्याने तो वाचावा आणि फसू नये, एवढाच हेतू. आपल्या सातबाऱ्यावरचा बोजा आणि आरसीवरची ओळ हेच काम करतात.

आपल्याकडेही हा विचार जुना आहे. धर्मशास्त्रात गहाणाला ‘आधि’ म्हणत आणि त्याचे दोन प्रकार सांगत : गोप्य आणि भोग्य. सावकाराने नुसते जपून ठेवायचे ते गोप्य. ज्याचा उपभोग घ्यायचा ते भोग्य. दोन्हींत वस्तू सावकाराकडे जाते. नजरगहाणात ती कर्जदाराकडेच राहते, कारण ट्रॅक्टर चालला तरच हप्ता फिटणार असतो.

वाक्यात कसा वापरतात?

इथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे आणि तो थेट खिशाशी जोडलेला आहे. या क्रियापदाचा कर्ता कोण?

अनेकांना वाटते, बँकेने गाडी ‘हायपोथिकेट’ केली. तसे नाही. हायपोथिकेट करतो तो कर्जदार. ‘शेतकऱ्याने ट्रॅक्टर बँकेकडे हायपोथिकेट केला’ हे बरोबर वाक्य. ‘बँकेने ट्रॅक्टर हायपोथिकेट केला’ हे चूक. आरसीवर कर्ता लिहिलेला नसतो. कर्मणी प्रयोगात फक्त ‘टू’ आणि पुढे बँकेचे नाव येते. त्यामुळे ही खूण बँकेने केली असा समज होतो. प्रत्यक्षात ती तुमच्या सहीने, तुमच्याच मालकीच्या वस्तूवर उमटलेली असते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली : गाडीचे मालक पहिल्या दिवसापासून तुम्हीच असता. जुन्या ‘हायर पर्चेस’ पद्धतीत शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी फायनान्सवाल्याकडे राहायची. ‘एचपी’ ही अक्षरे तिथलीच. व्यवहाराची रीत बदलली तरी तोंडातला शब्द टिकला. दुसरी : जी नोंद तुमच्या अर्जाने चढली, ती उतरवण्यासाठीही अर्ज तुम्हालाच करावा लागतो.

इंग्रजीत याच क्रियापदाचे आणखी काही उपयोग आहेत. एखादा कर ठरावीक कामासाठीच राखून ठेवला, तर ब्रिटनमध्ये त्याला ‘हायपोथिकेटेड टॅक्स’ म्हणतात. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण आहे. नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला, तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभारण्याकरता. शहरातल्या पगारावरचा कर, आणि त्यातून मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागातल्या पाझर तलावाची मजुरी!

शेअर बाजारात ‘रिहायपोथिकेट’ हा शब्द ऐकू येतो. ग्राहकाने तारण दिलेले शेअर दलालाने पुन्हा आपल्या कर्जासाठी तारण ठेवणे, असा त्याचा अर्थ. काही जण ‘गृहीत धरणे’ या अर्थानेही हायपोथिकेट वापरतात. त्यासाठी खरा शब्द ‘हायपोथेसाइझ’. मूळ एक असले तरी अर्थ वेगळे आहेत.

आणि ‘अक्कल गहाण टाकली’ या आपल्या वाक्प्रचाराचे भाषांतर करायचे झाले, तर तिथे हायपोथिकेट चालणार नाही. नजरगहाण ठेवलेली वस्तू वापरता येते!

आरसीवरच्या नोंदीमुळे नेमके काय अडते?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५१ याविषयी आहे. त्यानुसार नोंद असेपर्यंत वित्तसंस्थेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे विक्री अडते. मालकाचे निधन झाले, तर वारसाच्या नावावर करतानाही हा प्रश्न उभा राहतो.

विम्यातही तोच अडसर. पॉलिसीवर वित्तसंस्थेचे नाव असेल आणि गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली, तर भरपाईवर आधी त्या संस्थेचा हक्क सांगितला जातो. कर्ज फिटलेले असले तरी ते कागदाने दाखवावे लागते.

नोंद असताना परस्पर गाडी विकणे तर धोक्याचे. स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, पैसे घेतले, गाडी दिली, तरी आरटीओच्या दप्तरी मालक तुम्हीच राहता. अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येते. शिवाय हा कर्जकराराचा भंग ठरतो आणि प्रकरण पोलीस तक्रारीपर्यंत जाऊ शकते.

हप्ते थकले तर गाडी कशीही ओढून नेता येते का?

नाही. थकबाकी झाल्यास गाडी ताब्यात घेण्याची अट बहुतेक करारांत असते, हे खरे. पण त्यालाही रीत आहे. आयसीआयसीआय बँक विरुद्ध प्रकाश कौर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले, की वसुलीसाठी गुंडगिरीचा मार्ग चालणार नाही. कायद्यानेच जावे लागेल. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा बजावले, की वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर करू नयेत. धमकी, अपमान, नातेवाइकांना त्रास देणे वर्ज्य आहे.

कलम ५१ मध्येही गाडी वित्तसंस्थेच्या नावावर करण्याआधी मालकाला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. म्हणून आरटीओची नोंदणीकृत टपालाने आलेली नोटीस न घेता परत पाठवू नका. उत्तर द्या.

कर्ज फिटल्यावर नोंद कशी उतरवायची?

कायद्याचे म्हणणे असे : करार संपल्याचा पुरावा आणि ठरलेल्या नमुन्यातला अर्ज आला, की नोंदणी प्राधिकारी नोंद रद्द करू शकतो. म्हणजे पुरावा हवा आणि अर्जही हवा. क्रम असा ठेवा.

१. बँकेकडून दोन कागद मागा : कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला आणि आरटीओच्या नावे ना-हरकत पत्र, म्हणजे एनओसी. या पत्राला मुदत असते. त्यावरची तारीख पाहा आणि कपाटात ठेवून देऊ नका.

२. ‘फॉर्म ३५’ दोन प्रतींत भरा. नजरगहाण संपल्याची सूचना देण्याचा हा नमुना आहे. त्यावर तुमची आणि वित्तसंस्थेची, दोघांचीही सही-शिक्का लागतो. (कर्ज घेताना भरला होता तो ‘फॉर्म ३४’.)

३. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा जोडा. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर ‘हायपोथिकेशन टर्मिनेशन’ या सेवेतून अर्ज आणि शुल्क भरता येते. काही वित्तसंस्था एनओसी थेट ऑनलाइन पाठवतात. तरी नोंद निघाली का, हे स्वतः तपासा.

४. मोबाइलवर ‘एमपरिवहन’ ॲपमध्ये गाडीचा क्रमांक टाका. फायनान्सरचे नाव गेलेले दिसले, की आरटीओतले काम झाले.

५. शेवटी विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरचेही नाव काढून घ्या. ही पायरी सर्वाधिक विसरली जाते.

ट्रॅक्टरला दोन ठिकाणी का जावे लागते?

ट्रॅक्टरच्या कर्जात अनेकदा ट्रॅक्टर नजरगहाण असतो आणि जोडीला जमीनही गहाण असते. मग खुणाही दोन : एक आरसीवर, दुसरी सातबाऱ्यावर. एक उतरवली म्हणून दुसरी आपोआप उतरत नाही. आरसीचे काम आरटीओत. सातबाऱ्यावरचा बोजा कमी करण्यासाठी बँकेच्या पत्रासह तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करावा लागतो. त्याचा फेरफार मंजूर झाला, की नवा सातबारा काढून खात्री करा. वाटणी किंवा नवे पीककर्ज ऐन वेळी अडते ते या राहून गेलेल्या बोजामुळे.

बँकच राहिली नसेल तर?

मराठवाड्यात हा प्रश्न नेहमी येतो. जुन्या आरसींवर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ असे नाव असते. ही बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. ‘मराठवाडा ग्रामीण बँक’ २००९ मध्ये महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. विलीनीकरणात येणी-देणी नव्या बँकेकडे जातात, त्यामुळे एनओसी देण्याची जबाबदारीही तिचीच. जुना कर्ज खाते क्रमांक, पासबुक किंवा हप्त्याची एखादी पावती असली तर शोध लवकर लागतो. म्हणून कर्ज फिटले तरी ती फाईल फेकू नका.

बँक टाळाटाळ करत असेल तर?

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करणे आणि नोंदवलेला भार काढणे बँकांना बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर कर्जदाराला दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यायची आहे. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. तो वैयक्तिक कर्जांसाठी असल्याने, ट्रॅक्टरसारख्या शेतीकर्जाला तो तसाच लागू होईल असे धरून चालू नका. शाखेत लेखी विचारा.

तक्रार आधी बँकेकडेच लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी टोल फ्री क्रमांक १४४४८.

जुनी गाडी घेताना काय पाहावे?

उसाचा हंगाम जवळ आला की जुन्या ट्रॅक्टरची खरेदी-विक्री वाढते. इसार देण्याआधी ‘एमपरिवहन’वर क्रमांक तपासा. फायनान्सरचे नाव दिसले, तर ‘कर्ज केव्हाच फिटलेय’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. नोंद विक्रेत्याने उतरवून द्यावी, मगच उरलेली रक्कम, असे लिहून घ्या. ट्रॉलीच्या मागे रंगवलेले बँकेचे नाव पुसले म्हणजे नजरगहाण संपले, असे होत नाही. आरसीवरची नोंद रद्द झाली, तरच ते संपते.